शिवायचे खेळ, न शिवायचे खेळ

मुलांच्या खेळांवर मराठीत जी पुस्तके निघतात, त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते. एका भागात बैठे खेळ, म्हणजे घरात, ओसरीवर, पावसापाण्याच्या दिवसांत खेळायचे. दुसऱ्या भागात मैदानी खेळ. सागरगोटे, कवड्या, वाघबकरी, सारीपाट पहिल्या भागात. हुतुतू, खो-खो, आट्यापाट्या, लगोरी, सूरपारंब्या, विटीदांडू दुसऱ्या भागात. ही विभागणी ज्यांनी केली त्यांना घरही होते आणि मैदानही होते. ज्यांच्या एका खोपटात चूल, शेरडू, आजारी म्हातारी आणि पाच पोरे एकत्र नांदत होती, त्यांच्यासाठी ‘घरातले खेळ’ हा शब्दच विनोदी आहे. आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना ‘बाहेर’ जाण्याचे काय अप्रूप? ती जन्मापासून बाहेरच होती.

आम्हा वाड्यातल्या पोरांची विभागणी वेगळी होती. ती कुठल्या पुस्तकात नाही, आणि आम्हीही ती कधी तोंडाने बोलून दाखवली नाही. शिवायचे खेळ आणि न शिवता खेळायचे खेळ, असे आमचे दोन प्रकार होते. कोणता खेळ गावच्या पोरांबरोबर खेळता येईल आणि कोणता फक्त आपल्याआपल्यात, हे त्यावरून ठरे. खेळांचा इतिहास लिहिणारांनी ही बाजू सोडून दिली आहे. सोडून दिली, कारण त्यांना ती दिसण्याचे काही कारण नव्हते.

मी कळंबचा. इंदापूर तालुक्यातले हे गाव नीरेच्या खोऱ्यातले; नदीपलीकडे माळशिरस तालुका, सोलापूर जिल्हा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने नीरेचा डावा कालवा काढला आणि बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पाणी आले, पाण्यामागून ऊस आला. १९३३-३४ च्या सुमारास कळंबच्या शिवारात वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि शेजारी वालचंदनगर वसले. म्हणजे ज्या काळात गावोगाव पोरे विटीदांडू खेळत होती, त्याच काळात आमच्या उशाला कारखान्याचा भोंगा वाजत होता. पण भोंग्याने गावाची वेस मोडली असे कोणी समजू नये. गाव गावाच्या जागी, वाडा वाड्याच्या जागी. माझा जन्म १९५० नंतरचा. १९५६ ची दीक्षा झाली तेव्हा मी अंगणात रांगत-पळत होतो, आणि १९५८ च्या कायद्याने वतने गेली तेव्हा शाळेत जाऊ लागलो होतो. ही शाळा कोणती आणि कुठल्या गावची, हे सांगण्याचे कारण नाही. अशा शाळा पुष्कळ होत्या.

पावसाळ्यात आमचा बैठा खेळ तक्क्यात चाले. तक्क्या म्हणजे वाड्याची चावडी, पाहुण्याची धर्मशाळा आणि पोरांचा दिवाणखाना, सगळे एकच. जमिनीवर कोळशाने वाघबकरीचा पट काढायचा, चिंचोक्याच्या बकऱ्या आणि खापराचे वाघ करायचे. महाराष्ट्रातल्या कित्येक लेण्यांच्या आणि देवळांच्या फरशीवर असे पट दगडात कोरलेले आढळतात. आमच्या लहानपणी देवळाच्या पायरीवरचा पट पाहायला मिळणे शक्य नव्हते, त्यामुळे आमचा पट दर पावसाळ्यात नव्याने काढावा लागे. दगडातले टिकते, त्याची नोंद होते. कोळशातले पुसले जाते.

आता जरा मागे जाऊ. या देशातल्या खेळांची एक फार जुनी यादी कुठे आहे, हे आपल्या लोकांना माहीत असले पाहिजे. ती पाली वाङ्मयात आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात श्रमण गोतम कशाकशापासून दूर राहतात हे सांगताना खेळांची एक लांबलचक यादी येते. आठ घरांचा अट्ठपद आणि दहा घरांचा दसपद हे पटावरचे खेळ. मग ‘आकास’, म्हणजे पट न काढता मनातच पट कल्पून खेळणे. जमिनीवर रेघा आखून त्या चुकवत जाण्याचा परिहारपथ, ज्यात आपल्या पोरींच्या ठिकरीची आठवण व्हावी. ढिगातली एकेक वस्तू बाकीचा ढीग न हलवता काढण्याचा सन्तिक. लांब काठीने आखूड काठी टोलवायची ती घटिका, म्हणजे आपला विटीदांडूच. त्यापुढे खेळण्यातला नांगर, खेळण्यातली गाडी, खेळण्यातले धनुष्य, पानांची भिरभिरी, कोलांट्या. हवेत किंवा पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखणे. दुसऱ्याच्या मनातले ओळखणे. आणि अगदी शेवटी यथावज्ज, म्हणजे व्यंग असलेल्या माणसाची नक्कल करणे.

ही यादी वैराग्याच्या नियमांत आली आहे, हे खरे. पण ज्याने ती रचली त्याने गल्लीतल्या पोरांकडे नीट डोळे उघडून पाहिले होते, हेही तितकेच खरे. मनाई करण्यासाठी का होईना, पण इतक्या बारकाईने पोरांचा खेळ पाहणारे डोळे आपल्या धर्मग्रंथांच्या परंपरेत फार नाहीत. ‘आकास’ हा खेळ मला विशेष वाटतो. ज्याच्याजवळ पट नाही, सोंगट्या नाहीत, बसायला ओसरीही नाही, त्याला हाच एक बैठा खेळ परवडतो.

दुसरी मोठी नोंद संतांची. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, चेंडूफळी, हुंबरी, हमामा, सुतुतू, फुगडी, मृदंगपाट्या असल्या खेळांवर अभंगच आहेत. मृदंगपाट्या म्हणजे आट्यापाट्याच. मधली उभी पाटी सांभाळणाऱ्या गड्याला आजही मृदंग म्हणतात. सतराव्या शतकातल्या मराठी पोरांच्या खेळांची इतकी भरघोस साक्ष दुसरीकडे सहसा मिळत नाही. या अभंगांत खेळाचा अर्थ अध्यात्माकडे वळवलेला आहे, पण आपल्या दृष्टीने त्यापाठची वस्तुस्थिती महत्त्वाची. वारकरी कवींनी कृष्ण आणि गोपाळ यांचे जे चित्र उभे केले त्यात सगळे सवंगडी एकमेकांच्या अंगाला झोंबतात, शिदोऱ्या एकत्र कालवतात, एकमेकांच्या तोंडातले उष्टे खातात. काल्याच्या या चित्रात शिवाशीव नाही. आणि ज्या पंढरपुरात हा काला गायला जात होता तिथे चोखोबा देवळाबाहेर होता. काव्यातल्या गोपाळांना जो खेळ मिळाला तो गावातल्या गुराख्यांना मिळाला नाही. महाराचे पोर आणि पाटलाचे पोर एकाच माळावर गुरे राखत. भाकरी सोडायची वेळ आली की एक झाडाच्या सावलीत बसे आणि दुसरे उन्हात.

गुरांमागे मात्र काही खेळ एकत्र चालत. विटीदांडू चाले. गोट्या चालत, भोवरा चाले, लगोरी चाले. या सगळ्यांत गड्यागड्यांच्या मध्ये एक वस्तू असते: विटी, गोटी, चेंडू. अंगाला अंग लागत नाही. विटीदांडूत मोजणी करताना गावातली पोरे ‘वकट, लेंड, मूंड’ म्हणत आणि वाड्यातली पोरेही तेच म्हणत. हे आकडे तेलुगू-कानडी मुलखातून आलेले आहेत हे मला पुढे कळले. शब्दांनी भाषेची सीमाही ओलांडली होती आणि वेसही ओलांडली होती. शब्दाला विटाळ होत नाही. चिंध्यांच्या चेंडूचा मात्र प्रश्न पडे. लगोरीत आमच्या हातचा चेंडू पाठीत बसला तर तो विटाळ धरायचा की नाही, यावर एकदा माळावर बराच शास्त्रार्थ झाल्याचे मला आठवते. निर्णय असा झाला की चेंडू उडत आला म्हणजे मधे वारा लागतो, म्हणून विटाळ नाही. हातात दिला तर विटाळ. आठ-दहा वर्षांची पोरे होती ती. मनू त्यांनी वाचलेला नव्हता; तो त्यांना पाजलेला होता.

आता त्या खेळाकडे वळतो ज्याच्या नावातच सगळे आले आहे. एकाने पळायचे, दुसऱ्यांना शिवायचे, ज्याला शिवला त्याच्यावर राज्य. याला आपल्याकडे शिवाशिवी म्हणतात; काही भागांत शिवणापाणीही म्हणतात. शिवणे आणि पाणी! ज्या दोन गोष्टींवरून आपल्या बापजाद्यांचे आयुष्य गेले, त्या पोरांच्या खेळाच्या नावात शेजारी शेजारी बसल्या आहेत. मोठी माणसे जिला शिवाशीव म्हणत आणि पाळत, तिलाच मुले शिवाशिवी म्हणत आणि खेळत. मराठी भाषेला या दोहोंसाठी दोन वेगळे शब्द करावेसे वाटले नाहीत.

असे खेळ जगभर आहेत. आयोना आणि पीटर ऑपी या इंग्रज दाम्पत्याने रस्त्यांवरच्या आणि शाळांच्या पटांगणांतल्या मुलांच्या खेळांवर १९६९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पकडणाऱ्याच्या स्पर्शात काहीतरी लागट, वाईट असे आहे, आणि तो स्पर्श दुसऱ्याच्या अंगावर ढकलून द्यायचा, ही कल्पना त्यांना या खेळांच्या मुळाशी दिसली. म्हणजे विटाळाची कल्पना तिथल्या पोरांच्या खेळातही आहे. फरक एवढाच, की खेळातला विटाळ फिरता असतो. आता माझ्यावर, मग तुझ्यावर, मग त्याच्यावर. शिवले की सुटलो. गावाने मात्र हा खेळ एका घरावर आणून थांबवला आणि पिढ्यानुपिढ्या राज्य तिथेच ठेवले.

‘राज्य’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मराठी मुलांच्या भाषेत राज्य येणे ही शिक्षा. ज्याच्यावर राज्य त्याने सगळ्यांच्या मागे धापा टाकत पळायचे. शासनकर्ती जमात व्हा असे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले, ते बहुधा या अर्थाने नव्हे!

शिवाशिवी आम्ही फक्त वाड्यात खेळलो. पण हुतुतूच्या बाबतीत एक वेगळाच प्रकार घडला आणि तो मी इथे सविस्तर सांगणार आहे, कारण त्यावाचून मला काय म्हणायचे आहे ते कळणार नाही. उन्हाळ्यात नदीचे पात्र आटले की वाळूत हुतुतूचा डाव पडे. एकदा गावच्या पोरांना गडी कमी पडले आणि त्यांनी आम्हा दोघातिघांना बोलावले. आम्हाला लिंबूटिंबू म्हणून घेतले. लिंबूटिंबू, कोणी कच्चा लिंबूही म्हणतात, म्हणजे लहान पोर, जे खेळात असते पण ज्याचे बाद होणे धरायचे नसते. मी काही लहान नव्हतो. त्यांच्याच वयाचा होतो.

मी दम धरून हुतुतू घालत त्यांच्या अंगणात शिरलो. कोणी मला धरीना. सगळे कडेकडेने पसरले, मला वाट देत मागे सरकले. मी परत आलो. दुसऱ्यांदा गेलो, तेच. एका उन्हाळ्यात मी कितीदा गेलो असेन, एकदाही सापडलो नाही. माझी छाती फुगली. मी वाड्यात येऊन सांगे, गावात मला धरणारा गडी नाही. आणि ते शब्दशः खरे होते.

मी कोणाला शिवलो तर तो बाद धरत नसत. लिंबूटिंबूचे काय धरायचे? पण ज्या पोराला मी शिवलो होतो त्याच्या घरी ते कळले. अंगावर पाणी घेतल्याशिवाय त्याला आत घेतले नाही. म्हणजे माझ्या स्पर्शाला खेळात काही किंमत नव्हती आणि त्याच्या उंबऱ्यावर पूर्ण किंमत होती. एकच हात वाळूत मोजायचा नाही आणि घरात मोजायचा, हा हिशेब माझ्या डोक्यात शिरायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. आईला तो केव्हाच कळलेला होता. ती म्हणाली, “त्येंच्यात खेळाया जाऊ नगंस. हरलास तरी मार, जितलास तरी मार.” 

हुतुतूच्या जुन्या पद्धतींत एक संजीवनी नावाची पद्धत आहे. त्यात समोरचा गडी बाद केला की आपला मेलेला गडी उठतो. दुसरी गामिनी, तिच्यात मेलेला डाव संपेपर्यंत उठत नाही. तिसरी अमर, तिच्यात बाद झालेला गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजतात. मला चौथी लागू होती, तिला नाव नाही. मी मेलो नव्हतो आणि जिवंतही धरला जात नव्हतो.

आता या खेळांना नियम कोणी दिले त्याचा इतिहास थोडक्यात. पुण्यात डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला आणि १९१४ च्या सुमारास तिथे खो-खोचे नियम बांधले गेले. हुतुतूचे नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली छापले. बडोद्याहूनच १९३६ पासून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली व्यायामज्ञानकोशाचे खंड निघू लागले. त्याच साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे हुतुतूचे कबड्डी झाले, १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकाचा खेळ झाला.

हा इतिहास सांगणारे त्याला राष्ट्रीय खेळांचे पुनरुज्जीवन म्हणतात. मेलेलेच पुन्हा जिवंत करावे लागते. हे खेळ गावोगावच्या बहुजनांच्या, वाड्या-वस्त्यांतल्या पोरांत जिवंतच होते. जिमखान्यांनी ते उचलले, त्यांना चौकट आखली, शिट्टी दिली. शहरातल्या पांढरपेशा मंडळींनी खेड्यातले खेळ ‘आपले’ म्हणून मांडले, पण ते खेळणारे हात कोणाचे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. इतके लिहून मी थांबलो असतो तर ते सोपे झाले असते, आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. पण माझा स्वतःचा अनुभव मला तसे करू देत नाही.

वरच्या इयत्तेत आम्हाला खेळ शिकवायला एक मास्तर आले. पुण्याकडचे, त्याच पांढरपेशा वर्गातले. त्यांच्याजवळ खो-खोच्या नियमांचे एक फाटके पुस्तक होते आणि त्यावर त्यांची पोथीसारखी श्रद्धा होती. खो-खोत आठ गडी ओळीने, एकाआड एक तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याने बसलेल्या गड्याच्या पाठीवर मागून हात ठेवायचा आणि त्याच वेळी मोठ्याने खो म्हणायचे. मी ओळीत बसलो होतो. पाठलाग करणारा पोरगा माझ्या मागे आला, हात पाठीपासून वीतभर लांब धरून खो ओरडला. मी उठलो. शिट्टी वाजली. फाऊल. पुन्हा तसेच. पुन्हा फाऊल. मास्तरांनी जातीचा शब्द काढला नाही, उपदेश केला नाही, गांधींचे नाव घेतले नाही. ते एवढेच म्हणत, “हात लागला नाही. खो झाला नाही.” समोरचे गडी हातचे निसटत होते. चौथ्या वेळी पाठीवर थाप बसली. चांगली जोरात बसली, रागाने बसली. पण बसली.

गावच्या पोराचा उघडा हात माझ्या पाठीवर पडण्याचा हा पहिला प्रसंग, मार सोडून. नियमाच्या पुस्तकाने तो घडवून आणला. ज्यांनी ते पुस्तक लिहिले त्यांच्या मनात हे असेल असे मला वाटत नाही. त्यांना फक्त खेळ काटेकोर व्हायला हवा होता. पण लिहिलेला नियम वाळूतल्या नियमापेक्षा आम्हाला उपकारक ठरला, हे मान्य केले पाहिजे. संविधान लिहून घेण्याचा आग्रह बाबासाहेबांनी का धरला, हे मला घटनेच्या सतराव्या कलमाआधी त्या फाटक्या पुस्तकाने शिकवले. डाव संपल्यावर पोरे हात धुवायला गेली. तिथे हंड्याजवळ आम्हाला वरूनच पाणी मिळाले. शिट्टीची हद्द मैदानापुरती होती.

बाळू पालवणकरांची गोष्ट या जागी आठवते. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नेटमध्ये चेंडू टाकता टाकता तयार झाला. हिंदूंच्या संघाला त्याची गरज पडली तेव्हा त्याला घेतले, आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. आमच्या विभागणीप्रमाणे क्रिकेट हा न शिवता खेळायचा खेळ. बावीस यार्डांचे अंतर मधे असते आणि चेंडूला वारा लागतो. माझ्या मते तो खेळ हुतुतू असता तर बाळूला त्या संघाचे दार आणखी कितीतरी वर्षे उघडले नसते.

आणि ज्यांना वाटते की खेळातला भेद पोरकट बाब आहे, त्यांनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्याकडे पाहावे. तिथल्या बर्मिंगहॅम शहराने लेखी नियम केला होता की काळ्या आणि गोऱ्या माणसांनी पत्ते, फासे, डॉमिनो, चेकर्स हे खेळ एकत्र खेळणे बेकायदेशीर आहे. १९५० च्या आवृत्तीत बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉलही त्यात होते. चेकर्स म्हणजे आपल्या वाघबकरीसारखा, समोरासमोर बसून खेळायचा निरुपद्रवी पटाचा खेळ. तो खेळायला कायद्याची आडकाठी! तिथल्या गोऱ्यांना भीती बरोबर कळली होती. एका पटावर दोघे बसले की एकाची पाळी झाल्यावर दुसऱ्याची पाळी येते. आपल्याकडे असा नियम नगरपालिकेला करावा लागला नाही. आजी करत असे.

मुलींच्या खेळांविषयी मी कमी जाणतो, आणि हा विषय आपल्या लेखिकांनी हाती घेतला पाहिजे. एवढे सांगतो, की मुलींचे खेळ अधिक शिवायचे आहेत. फुगडी हात धरल्याशिवाय होत नाही, झिम्मा टाळी दिल्याशिवाय होत नाही. म्हणून पंचमीला गावच्या मुली आणि वाड्यातल्या मुली कधी एका झाडाखाली आल्या नाहीत. हादग्यात तर खेळून झाल्यावर खिरापत. तिथे स्पर्शापुढचा, अन्नाचा प्रश्न. दुरून गाणे ऐकून पाठ करायचे आणि आपल्या अंगणात आपला हत्ती मांडायचा, एवढे वाड्यातल्या मुली करीत. खिरापतीला गूळ असला तर असे.

सागरगोट्यांचे वेगळे. ते एकटीला खेळता येतात. एक वर उडवायचा आणि तो खाली येईतो जमिनीवरचे उचलायचे. युरोपात हाच खेळ हाडकांनी खेळत. ब्रूगेल या चित्रकाराने १५६० साली मुलांच्या खेळांचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्याच्या एका कोपऱ्यात तो आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागात खडी फोडायची कामे निघाली. बाया खडी फोडत आणि पोरी त्या ढिगातून गोल खडे वेचून पाच-पाचांचे संच करीत. त्या कामावर मराठ्यांच्या बायाही होत्या, माळ्यांच्या होत्या, आमच्या होत्या. एकाच ढिगाभोवती सगळ्या. पोरी खड्यांची अदलाबदल करताना मी पाहिल्या आहेत, हातातून हातात, मधे वारा न लागू देता. कोणी काही बोलले नाही. उपाशी पोटी विटाळ आठवत नाही, की तो आठवायला अंगात बळ लागते?

आज कळंबला जाणारा माणूस म्हणेल, आता हे काही राहिले नाही. बरेचसे खरे आहे. शाळेत पोरे एका पंगतीत जेवतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. पण हंगामात भवानीनगरकडच्या उसाच्या फडांवर जाऊन पाहावे. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्यांपुढे पोरे पाचटात खेळत असतात. उसाच्या कांड्यांची गाडी, चिपाडांचे बैल. ब्रह्मजालसुत्तातल्या यादीतला खेळण्यातला रथ आणि खेळण्यातला नांगर मला तिथे अजून दिसतो. गावातली पोरे त्यांच्यात खेळायला जात नाहीत. जात विचारून जात नाहीत असे नव्हे; ती पोरे ‘आपली’ नाहीत, एवढे पुरते. चार-सहा महिन्यांनी ती निघून जातात, आणि त्यांचे खेळ कोणत्या गावचे म्हणून नोंदायचे हेही कोणाला ठाऊक नसते.

तुकोबांची पालखी आषाढात बारामतीहून सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे करीत निमगाव केतकीला जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते आणि त्यानंतर वारकरी फुगड्या घालतात, हुतुतू खेळतात. मी वारकरी नाही, पण खेळ पाहायला जातो. मागे एकदा तिथे गावचा एक जुना सवंगडी भेटला, नदीच्या वाळूतला. आता दोघांचेही केस पिकलेले. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि सोबतच्या नातवाला सांगू लागला, “ह्यो आमचा लई तयारीचा गडी. नदीत कंदी घावलाच न्हाई बघ कुनाला.”

मी म्हणालो, “तुमी धरलंच न्हाई.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. हात मात्र त्याने सोडले नाहीत. मग म्हणाला, “आज्जी हानायची रं.” नातू विचारत होता, का हाणायची. त्याला कोणी उत्तर दिले नाही, आणि तेवढ्यात पालखी हलली.